मजबूत काँक्रीटलाही तडा जातो. स्टील फायबरचा उपयोग कुठे आणि किती?

चंद्रपूर जिल्ह्याला सिमेंटची कमी नाही. घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर, उपरवाही येथे मोठे कारखाने आहेत. राजुरा-कोरपना भागातला चुनखडीचा दगड आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा यांच्या जोरावर हा उद्योग उभा राहिला. दुर्गापूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची राख सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जाते. असे असूनही आपल्याच भागात गोदामाची फरशी, राईस मिलचे अंगण, ट्रान्सपोर्टचा यार्ड एका वर्षात तडकलेला दिसतो. मालक म्हणतो, मिस्त्रीने सिमेंट खाल्ले. मिस्त्री म्हणतो, एक पोते जास्तच टाकले होते. पुष्कळदा मिस्त्री खरे बोलत असतो आणि तरीही फरशी तडकते. शेवटी बिलातले पैसे अडकतात, आणि ज्याने उन्हात घाम गाळला त्याचेच नाव खराब होते.

हल्ली यावर इलाज म्हणून बाजारात स्टील फायबर म्हणजे पोलादी तंतू विकायला आले आहेत. काही विक्रेते सांगतात की हे टाकले की तडा जाणारच नाही, सळईचीही गरज नाही. यात थोडे खरे आहे आणि थोडे धोक्याचे आहे. आपल्या समाजात गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशी घासणारे, वेल्डर असे कारागीर पुष्कळ आहेत आणि गोदामे बांधणारे व्यापारीही आहेत. दोघांनीही ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबुती, पण कशाची?

काँक्रीट दाब सहन करण्यात पहिलवान आहे, ताण सहन करण्यात कमजोर. वरून वजन ठेवा, ते हूं की चूं करत नाही. पण ओढले किंवा वाकवले की लगेच चिरते. साध्या हिशेबाने त्याची ओढ सहन करण्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाइतकीच असते.

एम-20, एम-40, एम-80 असे आकडे आपण ऐकतो. एम-20 म्हणजे 28 दिवसांनी घनाच्या चाचणीत दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सहन करणारे काँक्रीट. आय.एस. 456 या भारतीय मानकाच्या 2000 सालच्या आवृत्तीत एम-60 आणि त्यावरच्या काँक्रीटला उच्च मजबुतीचे काँक्रीट म्हटले आहे. त्याच मानकात वाकवल्यावर तडा कधी जाईल याचे सूत्र दिले आहे: दाबाच्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि 0.7 ने गुणा. हिशेब करून पाहू. एम-20 ला उत्तर येते साधारण 3.1 आणि एम-80 ला 6.3. म्हणजे दाबाची ताकद चौपट झाली, पण वाकणे सहन करण्याची ताकद फक्त दुप्पट.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. काँक्रीट जितके कडक, तितके ते ठिसूळ. कमी मजबुतीच्या काँक्रीटमध्ये तडा गिट्टीच्या कडेकडेने वळणे घेत जातो, त्याला वाट काढावी लागते. उच्च मजबुतीच्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा लगदा आणि गिट्टी यांची पकड इतकी घट्ट असते की तडा गिट्टी फोडून सरळ निघून जातो. म्हणून असे काँक्रीट शेवटपर्यंत काही दाखवत नाही आणि मग एकदम तुटते.

तिसरी गोष्ट पाण्याची. मजबुती वाढवण्यासाठी सिमेंट वाढवतात आणि पाणी कमी करतात. सिमेंट जास्त म्हणजे उष्णता जास्त आणि आकसणे जास्त. पाणी कमी असल्याने वर पाण्याचा पापुद्राही फारसा येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो आणि वर गरम वारा असतो. ताज्या काँक्रीटचे तोंड एका तासात सुकते, खालचा भाग ओला राहतो. वरची साय आकसते, खालचा भाग आकसत नाही आणि ओढाताणीत चीर पडते. म्हणजे 'एक पोते जास्त' टाकणारा मिस्त्री बेइमान नव्हता. त्याने भल्यासाठी केले ते त्या उन्हात उलटे पडले.

तंतूची युक्ती जुनीच आहे

गडचिरोलीच्या कोणत्याही जुन्या गावात जा. बांबूच्या कुडावर मातीचा लेप दिलेल्या भिंती दिसतील. ती माती नुसती नसते. तिच्यात धानाचे तणस किंवा भुसा बारीक करून कालवलेला असतो. नुसती माती सुकली की चिरते. तणसाची माती चिरली तरी गळून पडत नाही, कारण प्रत्येक चिरेच्या दोन्ही काठांना काडीने धरून ठेवलेले असते. हे ज्ञान कोणत्याही कॉलेजातले नाही, आपल्या बाया-माणसांच्या हातातले आहे.

मी कापडाच्या धंद्यातला माणूस. आमच्याकडे एक गोष्ट रोज दिसते. कापडाला काठाशी छोटी चीर द्या आणि ओढा, कापड सरळ फाटत जाते, कारण सगळा जोर चिरेच्या टोकावरच्या एका धाग्यावर येतो. तो तुटला की पुढचा, तो तुटला की त्याच्या पुढचा. पण कापडात ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असेल तर फाटणे त्या धाग्यापाशी येऊन थांबते. छत्र्या, तंबू आणि पाठीवरच्या बॅगांच्या कापडात चौकडी रेघा दिसतात त्या यासाठीच. काँक्रीटमध्ये तड्याचे टोक असेच पुढे सरकत जाते, आणि पोलादी तंतू त्या जाड धाग्याचे काम करतो.

हा विचार शास्त्राच्या भाषेत अमेरिकेतील जेम्स रोमुआल्डी आणि गॉर्डन बॅटसन यांनी 1963 मध्ये मांडला. तारा जवळजवळ असतील तर तडा त्यांच्यामध्ये अडतो, हे त्यांनी दाखवले. त्यानंतर कारखान्याच्या फरश्या, बोगद्यांची अस्तरे, विमानतळांच्या धावपट्ट्या यांत पोलादी तंतू गेले. इंग्लंडमध्ये लंडनहून चॅनल टनेलकडे जाणाऱ्या रेल्वेच्या बोगद्यांमध्ये सळईच्या जाळीऐवजी पोलादी तंतूंचे काँक्रीटचे तुकडे बसवले गेले. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसनेही अशा काँक्रीटच्या रस्त्यांसाठी एस.पी. 46 ही मार्गदर्शिका काढली आणि 2013 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली.

तार आत जाऊन काय करते?

स्टील फायबर म्हणजे साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचे, 25 ते 60 मिलिमीटर लांबीचे तारेचे तुकडे. चांगल्या मालाची दोन्ही टोके आकड्यासारखी वाकवलेली असतात. एक घनमीटर काँक्रीटमध्ये फरशीच्या कामाला साधारण 20 ते 40 किलो टाकतात.

वजनाने हे थोडे वाटते, पण मोजून पाहा. 0.75 मिलिमीटर जाड आणि 60 मिलिमीटर लांब अशी एक तार जेमतेम 0.21 ग्रॅम भरते. म्हणजे एका किलोत सुमारे 4,800 तारा. 30 किलो टाकले तर एका घनमीटरमध्ये 1 लाख 44 हजार तारा, आणि त्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर लांबी साडेआठ किलोमीटरच्या वर जाते. तडा कुठूनही निघो, वाटेत त्याला तारा भेटणारच.

आता नीट लक्ष द्यावे. नेहमीच्या मापात टाकलेली तार पहिला तडा थांबवत नाही. पहिला तडा साधारण त्याच वजनाला जातो, आणि दाबाची ताकदही फारशी वाढत नाही. तारेचे काम तडा गेल्यानंतर सुरू होते. चीर उघडू लागली की तार ताणली जाते. वाकवलेले टोक काँक्रीटमध्ये अडकलेले असते. बाहेर येण्यासाठी त्याला सरळ व्हावे लागते आणि त्यात जोर खर्च होतो. नुसते काँक्रीट जिथे दोन तुकडे होऊन पडले असते, तिथे तंतूवाले काँक्रीट चिरलेल्या स्थितीतही वजन पेलत राहते. यालाच चिवटपणा म्हणतात, आणि उच्च मजबुतीच्या काँक्रीटमध्ये नेमकी याचीच कमी असते.

चीर बारीक राहिल्याचा दुसरा फायदा पाण्याच्या बाबतीत आहे. चिरेतून झिरपणारे पाणी चिरेच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रुंदी अर्धी झाली तर पाणी आठव्या हिश्शावर येते. पाण्याची टाकी, धुण्याचा हौद, रंगाईचा कारखाना, कोल्ड स्टोअरेज असे काम असेल तर हा फरक लहान नाही.

मजबूत काँक्रीटला मजबूत तार

इथे पुष्कळ लोक फसतात. तार हळूहळू सरकत बाहेर आली पाहिजे, तुटता कामा नये. साध्या काँक्रीटमध्ये ती सरकते. एम-60, एम-80 मध्ये पकड इतकी घट्ट असते की मऊ तार सरकण्याऐवजी कट्‌कन तुटते, आणि मग चिवटपणा मिळत नाही. म्हणून काँक्रीट जितके भारी तितकी तारही भारी पाहिजे. साध्या फरशीला दर चौरस मिलिमीटरला 1,000 न्यूटनच्या आसपास ओढ सहन करणारी तार चालते. उच्च मजबुतीच्या कामाला त्याहून बरीच वरच्या दर्जाची लागते. माल घेताना पाकिटावर हा आकडा पाहावा, आणि नसेल तर कंपनीचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे.

लांबीचेही असेच आहे. तार सर्वांत मोठ्या गिट्टीच्या दुपटीहून लांब असावी, नाहीतर ती दोन गिट्ट्यांच्या मध्ये पडून राहते आणि चिरेला ओलांडत नाही. 20 मिलिमीटर गिट्टीला 50 ते 60 मिलिमीटरची तार योग्य. भंगारातली कापलेली तार किंवा लेथवरचा बुरादा टाकून 'फायबर काँक्रीट' म्हणणारेही भेटतात. त्याला फायबर काँक्रीट म्हणता येत नाही.

आपल्याला माल आणायला फार लांब जावे लागत नाही. नागपूरच्या स्टीवॉल्स इंडिया कंपनीचे 'शक्तिमान' या नावाचे स्टील फायबर बाजारात आहे, बेल्जियमच्या बेकार्ट कंपनीचे 'ड्रामिक्स' जगभर चालते. कोणाची जाहिरात म्हणून हे लिहिलेले नाही. दोन-तीन ठिकाणी भाव विचारूनच सौदा करावा.

कामावर काय सांभाळावे

• तार एकदम ओतू नये. गिट्टी, रेती, सिमेंट, पाणी फिरल्यावर मिक्सर चालू ठेवून थोडी-थोडी टाकावी. एकदम टाकली तर तारांचे गोळे होतात आणि गोळा म्हणजे फरशीतला पोकळ डाग.

• तार पडली की माल घट्ट वाटतो. मजूर लगेच पाण्याची बादली उचलतो. त्याला तिथेच थांबवावे. पाणी वाढले की मजबुती गेली आणि आकसणे वाढले. नरमाई पाहिजे तर पाणी कमी करणारे रसायन (सुपरप्लास्टिसायझर) वापरावे.

• हवा 40 अंशांच्या वर असेल तर ती उष्ण हवामानातली ढलाई. त्यासाठी आय.एस. 7861 चा पहिला भाग वेगळे नियम देतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये काम संध्याकाळनंतर किंवा पहाटे करावे. गिट्टी सावलीत ठेवून पाणी मारावे, वारा अडवायला कनात लावावी.

• ताज्या काँक्रीटला पहिल्या काही तासांत उन्हाने ज्या बारीक चिरा पडतात, त्यांच्यावर पोलादी तारेपेक्षा प्लास्टिकचा बारीक तंतू (पॉलिप्रॉपिलीन) जास्त उपयोगी. पोलादी तार कडक झालेल्या काँक्रीटसाठी आहे. दोघांची कामे वेगळी आहेत.

• तराई चुकवू नये. आय.एस. 456 प्रमाणे साध्या सिमेंटला कमीत कमी 7 दिवस, उष्ण आणि कोरड्या हवेत 10 दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर 14 दिवस तराई करावी. आपल्या बाजारातले बरेचसे सिमेंट राखमिश्रितच असते, हे लक्षात ठेवावे. ओले बारदान अंथरून ते सुकू न देणे हा सर्वांत स्वस्त इलाज आहे.

• तार टाकली म्हणून जोड कापणे सोडू नये. फरशी घट्ट झाली की दुसऱ्या दिवसाच्या आत यंत्राने कापे द्यावेत. काँक्रीटला आकसायचेच आहे. आपण जागा दिली नाही तर ते स्वतः जागा शोधते.

किलोचा हिशेब आणि इमानाची गोष्ट

एक उदाहरण घेऊ. 1,000 चौरस फूट गोदाम, सहा इंच म्हणजे 150 मिलिमीटर जाड फरशी. काँक्रीट होते सुमारे 14 घनमीटर. दर घनमीटरला 25 किलो धरले तर तार लागली 350 किलो. या वजनाला आजच्या भावाने गुणा. समोर सळईच्या जाळीचा खर्च मांडा: जाळीची किंमत, बांधणाऱ्याची मजुरी आणि कामाला लागणारे जास्तीचे दिवस. जिथे ट्रक फिरतात, धानाची पोती आपटतात, फोर्कलिफ्ट चालते, तिथे तारेचा सौदा पुष्कळदा परवडतो. घरातल्या खोलीच्या कोब्याला मात्र हा खर्च फुकट आहे. तिथे चांगली तराई आणि वेळेवर दिलेला कापा पुरतो.

पण 350 किलोच्या जागी 200 किलो पडले तर कोणाला कळणार? ढलाईनंतर डोळ्यांना काहीच दिसत नाही. याची तपासणी अगदी सोपी आहे. मिक्सरमधून 10 लिटर मापाची बादली भरून ताजे काँक्रीट घ्यावे. चाळणीवर पाण्याने धुवावे. लोहचुंबकाने तारा वेचून, सुकवून, तराजूत टाकाव्यात. 25 किलोचे माप असेल तर 10 लिटरला 250 ग्रॅम आले पाहिजेत. एका बादलीत थोडे कमी-जास्त येईल, म्हणून तीन वेगवेगळ्या घाण्यांतून घ्यावे आणि सरासरी काढावी. ज्या मिस्त्रीचे काम साफ आहे त्याने ही तपासणी मालकासमोर स्वतःहून करून दाखवावी. यापेक्षा मोठी जाहिरात नाही. नापतोलात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआन शरीफात एक सूरहच त्या नावाची आहे. ते आपण दुकानाच्या तराजूपुरते समजतो, पण मिक्सरही एक तराजूच आहे.

सळई काढू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जमिनीवर टेकलेली फरशी आणि हवेत टांगलेला स्लॅब यांत फरक आहे. फरशी तडकली तर पैसे जातात. स्लॅब, बीम, कॉलम, छज्जा किंवा बाल्कनी तुटली तर माणसे जातात. तिथे ओढ कोणत्या दिशेने येणार हे ठरलेले असते आणि सळई त्या दिशेनेच, त्या जागीच पाहिजे. तंतू मात्र आडवे-तिडवे कसेही पडतात. त्यांतले थोडेच कामाच्या दिशेने असतात. म्हणून इंजिनिअरच्या नकाशाशिवाय, केवळ विक्रेत्याच्या शब्दावर घराच्या स्लॅबमधली एकही सळई कमी करू नये. सळईच्या सोबत तंतू टाकले तर चांगलेच: चिरा बारीक राहतात, भूकंपाच्या हादऱ्यात जोड लवकर फुटत नाहीत. पण सळईच्या बदल्यात नाही. जो मालक खर्च वाचवायला असे सांगेल त्याचे काम सोडून द्यावे. आजची मजुरी जाईल, पण उद्या कोणाच्या जनाज्याचा बोजा मानेवर राहणार नाही.

छोट्या कारागिरासाठी एक धंदा

या तारेतून एक लहान उद्योगही निघतो. गटारावरची बिडाची झाकणे चोरीला जातात, कारण भंगारात त्यांना भाव आहे. केंद्र सरकारच्या सी.एस.आय.आर. अंतर्गत असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरने पोलादी तंतूंच्या काँक्रीटची झाकणे तयार करण्याची पद्धत बसवली आणि देशभर लहान कारखान्यांनी ती उचलली. त्यासाठी आय.एस. 12592 हे मानक आहे. त्यात हलक्या, मध्यम, भारी आणि अति भारी अशा चार दर्जांची झाकणे आहेत; पदपथाच्या झाकणाला अडीच टनांची आणि सर्वांत भारी झाकणाला 35 टनांची चाचणी. अशा झाकणाला भंगारात किंमत नाही, म्हणून चोर हात लावत नाही.

साचे, लहान मिक्सर, थरथरणारे टेबल, तराईचा हौद आणि सावलीची जागा एवढ्यावर काम सुरू होते. वेल्डरने साचे आणि कडेची पट्टी करावी, गवंड्याने काँक्रीट सांभाळावे, एखाद्या व्यापाऱ्याने भांडवल घालून नफ्या-तोट्यात भागीदारी करावी. नगर परिषदा, ग्रामपंचायती, कोळसा खाणींच्या वसाहती, वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, मूल येथील राईस मिली हे सारे जवळचे गिऱ्हाईक आहेत. मात्र सरकारी खरेदीत मानकाची चाचणी मागतात, म्हणून पहिली झाकणे प्रयोगशाळेत तोडून घ्यावीत आणि कागद हातात आल्यावरच टेंडर भरावे.

गडचिरोलीत सूरजागडचे लोहखनिज निघू लागल्यापासून जड वाहनांची ये-जा वाढली आहे. यार्ड, वजनकाटे, गॅरेज, गोदामे बांधली जात आहेत. ही कामे बाहेरून येणारे ठेकेदार यंत्रे आणि नवी माहिती घेऊन करतात, आणि आपला मिस्त्री त्यांच्याकडे रोजंदारीवर घमेले उचलतो. त्याच्या हातात हुनर कमी नाही, माहिती कमी आहे. आपल्या मस्जिद-मदरशांच्या कमिट्या, जमातींच्या संस्था सुट्टीच्या दिवशी एखाद्या इंजिनिअरला बोलावून मिस्त्रींना दोन तास बादली, चुंबक आणि तराजूची ही तपासणी शिकवू शकतात. खर्च चहाचा येईल. पुढच्या उन्हाळ्याची ढलाई सुरू होण्याआधी हे झाले तर निदान काही जणांची बिले अडकणार नाहीत. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.